ज्यांचं काम वेळेवर संपतं, त्यांचीच यादी उघडत नव्हती

तक्रार दोन ओळींची होती. एका मोठ्या संस्थेतल्या लोकांना 'प्रलंबित विनंत्या' ही यादी उघडायला पंधरा-वीस सेकंद लागत होते, कधी कधी तर पडदा कोराच राहायचा. आणि यादी एकदाची उघडली की तिच्यात असायच्या अकरा ओळी.

मदतकक्षातल्या मॅडमनी ती तक्रार माझ्याकडे पाठवताना खाली लिहिलं होतं, "सर, मी तीन वेगवेगळ्या संस्थांच्या नावाने उघडून बघितलं, लगेच उघडतंय. पण ते लोक रोज सांगतायत, आणि उगाच तक्रार करणाऱ्यांतले ते नाहीत." त्या दुसऱ्या वाक्यामुळे मी ती तक्रार 'आमच्याकडे दिसत नाही' असं लिहून बंद केली नाही. पुढचे नऊ दिवस आम्ही तिच्यावर घालवले. त्यातलं जे इतरांच्या उपयोगी पडेल असं वाटतं, ते इथे तपशिलात लिहितो.

आधी मांडणी सांगतो. विनंत्या नोंदवायच्या आणि निकाली काढायच्या, अशी ही प्रणाली. १,८०० संस्था ती वापरतात आणि सगळ्यांच्या विनंत्या एकाच टेबलात राहतात: २ कोटी ४० लाख ओळी. डेटा साठवून शोधून देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डेटाबेस, पोस्टग्रेस १५. टेबल साधारण ७.३ जीबीचं, म्हणजे पोस्टग्रेसच्या ८ केबीच्या पानांत मोजलं तर ९ लाख ६० हजार पानं. यादी उघडताना डेटाबेसकडे केली जाणारी मागणी, म्हणजे क्वेरी, अगदी सरळ: अमुक संस्थेच्या, 'प्रलंबित' स्थितीतल्या विनंत्या घे, नोंदवेळेनुसार नव्या आधी लाव, पहिल्या २० दे. व्हेअरमध्ये दोन अटी, एक ऑर्डर बाय (क्रम), एक लिमिट (किती ओळी हव्यात). दुसरं टेबल जोडणारा जॉइन नाही, क्वेरीच्या आत क्वेरी नाही. संस्था क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळी झटकन शोधून देणारी सूची) होता आणि नोंदवेळेवरही होता. कोणीही बघून म्हणावं, हिच्यात हळू होण्यासारखं आहेच काय?

सरासरीने झाकलेली गोष्ट

पहिल्यांदा पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स उघडलं, म्हणजे कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि तिला किती वेळ लागला याची पोस्टग्रेसमधली नोंद. ही क्वेरी दिवसाला सुमारे १ लाख ४० हजार वेळा चालत होती आणि तिची सरासरी वेळ होती ४१ मिलिसेकंद. आमच्या मॉनिटरिंगच्या फलकावरही हीच सरासरी होती, हिरव्या रंगात. शेजारी पंचाण्णवावा शतमान (शंभरातल्या ९५ वेळा क्वेरी जिच्या आत संपते ती वेळ) होता, तोही हिरवा.

पण त्याच नोंदीत आणखी दोन स्तंभ असतात, कमाल वेळ आणि मानक विचलन (वेळा सरासरीपासून किती विखुरल्या आहेत), आणि त्यांच्याकडे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. कमाल होती १९ सेकंदांच्या वर. मानक विचलन सुमारे ६०० मिलिसेकंद, म्हणजे सरासरीच्या जवळपास पंधरापट. सरासरी ४१ आणि विचलन ६०० असेल, तर ती एक क्वेरी नसते. एकाच नावाखाली दोन वेगळ्या क्वेऱ्या चाललेल्या असतात.

मी कागदावर हिशेब मांडला. समजा हजारातली एक वेळ १९ सेकंदांची आहे. मग दिवसाच्या १ लाख ४० हजारांपैकी १४० वेळा १९ सेकंद, म्हणजे २,६६० सेकंद. ते सगळ्यांवर वाटले तर प्रत्येकी १९ मिलिसेकंद येतात. ४१ मधून १९ गेले, राहिले २२. बाकीच्या ९९९ जणांचा अनुभव हा २२ मिलिसेकंदांचा. हजारात एक असलेली गोष्ट पंचाण्णवाव्या शतमानात दिसत नाही, नव्व्याण्णवाव्यातही नाही. पण ती 'हजारात एक' कोणाच्याही वाट्याला येत नव्हती. ठरावीक लोकांच्या वाट्याला ती दर वेळी येत होती, आणि मला सगळ्यात जास्त हेच बोचलं. आकडेवारीत जे नगण्य ठरतं, ते त्या संस्थेतल्या माणसांसाठी शंभर टक्के होतं.

पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सची एक मर्यादा इथे आडवी आली. ते क्वेरीतल्या प्रत्यक्ष किमती काढून त्यांच्या जागी चिन्हं ठेवतं, त्यामुळे कोणत्या संस्थेसाठी हळू चाललं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ऑटो_एक्सप्लेन ही सोय चालू केली आणि दोन सेकंदांच्या वर जाणारी प्रत्येक क्वेरी तिच्या प्लॅनसह, म्हणजे ओळी शोधायला सर्व्हरने धरलेल्या वाटेसह, लॉगमध्ये घ्यायला लावली. प्रत्येक पायरीचं टायमिंग मात्र मुद्दाम बंद ठेवलं. ते चालू असलं की सर्व्हर प्रत्येक ओळीमागे घड्याळ बघतो आणि त्याचा भार हळू-जलद सगळ्याच क्वेऱ्यांवर पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये सदतीस संस्थांचे क्रमांक होते. १,८०० पैकी तेवढेच, पुन्हा पुन्हा.

प्लॅन

तक्रार करणाऱ्या संस्थेच्या क्रमांकाने एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ बफर्ससह चालवलं; ही आज्ञा क्वेरी प्रत्यक्ष चालवून तिची वाट आणि वाचलेली पानं दाखवते. जे आलं ते थोडं सोपं करून देतो:

लिमिट: अंदाजे खर्च ०.४४ ते १७७८, अंदाजे ओळी २०. प्रत्यक्ष ओळी ११, वेळ १९ सेकंद
→ इंडेक्स स्कॅन बॅकवर्ड, नोंदवेळेचा इंडेक्स: अंदाजे खर्च ०.४४ ते १६,००,०००, अंदाजे ओळी १८,०००. प्रत्यक्ष ओळी ११
फिल्टरमध्ये गळलेल्या ओळी: २,३९,९९,९८९
बफर्स: पोस्टग्रेसच्या कॅशेतून (मेमरीतून) २ लाख १० हजार पानं, बाहेरून १४ लाख

गळलेल्या ओळींच्या आकड्यात टेबलातल्या अकरा सोडून बाकी सगळ्या ओळी आहेत. अकरा ओळी दाखवायला सर्व्हरने २ कोटी ४० लाख ओळी एकेक करून हातात घेतल्या आणि बाजूला ठेवल्या.

तो असं का करतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण लिमिट असलेल्या असंख्य क्वेऱ्यांच्या मुळाशी हेच असतं.

प्लॅनरसमोर, म्हणजे वाट निवडणाऱ्या पोस्टग्रेसच्या भागासमोर, दोन वाटा होत्या. पहिली: संस्थेच्या इंडेक्सवरून त्या संस्थेच्या सगळ्या ओळी काढायच्या, प्रलंबित तेवढ्या ठेवायच्या, वेळेनुसार लावायच्या, वरच्या २० द्यायच्या. या संस्थेच्या ओळी होत्या ६ लाख, त्यामुळे ही वाट त्याला महाग दिसली. त्याच्या हिशेबात खर्च जवळपास ९ लाख. दुसरी वाट: नोंदवेळेचा इंडेक्स शेवटाकडून उलटा वाचत यायचं. ओळी आपोआप नव्या ते जुन्या अशाच येतात, म्हणजे सॉर्टची गरज नाही. येईल ती ओळ तपासायची, संस्था जुळते का, स्थिती जुळते का. वीस मिळाल्या की थांबायचं.

थांबायला किती वेळ लागेल? इथे त्याने अंदाज बांधला. संस्थेचा वाटा २.५ टक्के. 'प्रलंबित'चा वाटा, सगळ्या टेबलात मिळून, ३ टक्के. दोन्ही अटी एकमेकींपासून स्वतंत्र धरून गुणाकार: २ कोटी ४० लाखांचे २.५ टक्के, त्याचे ३ टक्के, म्हणजे १८,००० ओळी. त्या १८,००० ओळी इंडेक्सभर एकसारख्या विखुरल्या असतील असं धरलं, तर २० मिळायला इंडेक्सचा नऊशेवा भाग वाचला की पुरे. पूर्ण वाचनाचा खर्च १६ लाख, त्याचा नऊशेवा भाग १,७७८. प्लॅनमधला १७७८ हा आकडा तिथून आला. ९ लाखांसमोर पावणेदोन हजार! प्लॅनरने दुसरी वाट धरली, आणि त्याच्या माहितीवर ती बरोबरच होती.

पण या संस्थेत आलेली विनंती शक्यतो त्याच दिवशी निकाली काढतात. त्यांच्या ६ लाखांपैकी प्रलंबित होत्या ११. वीस कधी भरल्याच नाहीत, म्हणून थांबायची वेळ आली नाही आणि इंडेक्स पार तळापर्यंत वाचला गेला. ज्या संस्थेकडे कामाचा ढीग साचलेला, तिची यादी क्षणात उघडायची, कारण २० ओळी लगेच सापडायच्या. जिने काम हातावेगळं केलं, तिने थांबायचं. मदतकक्षातल्या मॅडमनी तपासलेल्या तीनही संस्था ढीगवाल्या होत्या.

लॉगमधल्या सदतिसांपैकी बहुतेक अशाच निघाल्या. तीन वेगळ्या होत्या. त्यांच्या प्रलंबित ओळी शेकड्यांनी होत्या, पण सगळ्या फार जुन्या, इंडेक्सच्या दुसऱ्या टोकाला. तिथे 'एकसारख्या विखुरलेल्या' हे गृहीतक चुकलं होतं. लक्षण एकच, कारणं दोन.

ही गृहीतकं एकट्या पोस्टग्रेसची नाहीत. खर्चाचा अंदाज बांधून वाट निवडण्याची पद्धत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या सिस्टिम आर प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली, १९७९ मध्ये. अटींच्या वाट्यांचा गुणाकार करायचा हे तेव्हापासूनचं. स्तंभावर इंडेक्स नसला, तर बरोबरीच्या अटीला दहातली एक ओळ जुळेल, असंही तिथे धरलेलं आहे. हाताशी काहीच माहिती नसताना यापेक्षा चांगलं काय धरणार? ते गृहीतक आपल्या डेटात कुठे मोडतं हे शोधणं आपल्याकडेच येतं. प्लॅनरला त्या संस्थेची शिस्त माहीत असायचं काही कारण नाही.

चाचणीत ती कधीच हळू का नव्हती

या प्रकरणातला खरा धडा माझ्यासाठी इथे होता. आमच्याकडे कामगिरीची चाचणी होती, आणि ती आम्ही मनापासून केली होती. चाचणीच्या डेटाबेसात तेवढ्याच २ कोटी ४० लाख ओळी भरल्या होत्या. पण त्या भरताना प्रत्येक संस्थेला सारखा वाटा दिला होता आणि प्रत्येकीत ३ टक्के प्रलंबित. म्हणजे दर संस्थेला १३,३३३ ओळी आणि त्यांतल्या ४०० प्रलंबित.

अशा डेटावर प्लॅनर वेगळीच वाट धरतो. १३ हजार ओळी संस्थेच्या इंडेक्सवरून काढून लावणं त्याला स्वस्त पडतं, कारण उलट्या वाचनात ४०० पैकी २० मिळवायला त्याला टेबलाचा विसावा भाग चाळावा लागला असता. चाचणीत क्वेरी संस्थेच्या इंडेक्सवरून जात होती, ४५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात मोठ्या संस्थांसाठी ती वेळेच्या इंडेक्सवरून जात होती. जो प्लॅन लोकांच्या वाट्याला येत होता तो आमच्या चाचणीत एकदाही चालला नव्हता. आकार आम्ही हुबेहूब आणला, घडण आणली नाही.

बदल करण्याआधी

निदान झालं असं वाटलं तरी ते सिद्ध करायचं ठरवलं. फक्त माझ्या सेशनमध्ये ऑर्डर बायमध्ये नोंदवेळेला शून्य सेकंदांचा इंटरव्हल जोडला. किंमत तीच राहते, पण प्लॅनरच्या लेखी ती आता वेगळी अभिव्यक्ती होते आणि वेळेचा इंडेक्स क्रमासाठी वापरता येत नाही. क्वेरी संस्थेच्या इंडेक्सवर गेली आणि १९ सेकंदांवरून दीड सेकंदावर आली. निदान पक्कं झालं. ही युक्ती अनेक जण कायमचा उपाय म्हणून कोडमध्ये ठेवतात. मी ठेवणार नाही: ढीगवाल्या संस्थांना तीच वेळेची वाट सोयीची होती, आणि ती बंद करून त्यांची यादी आम्ही हळू केली असती.

मधे एकदा आमची दिशाभूल झाली, तेही सांगतो. एका सहकाऱ्याने तीच क्वेरी लागोपाठ दुसऱ्यांदा चालवली, तर ७ सेकंद. तिसऱ्यांदाही ७. मग चर्चा मेमरी वाढवण्याकडे वळली आणि अर्धा दिवस तिथेच गेला. पण बफर्सची ओळ बघितली तर पानांची बेरीज तिन्ही वेळा तीच, १६ लाखांच्या घरात. पोस्टग्रेस ज्याला 'बाहेरून वाचलं' म्हणतो ते दर वेळी डिस्कवरूनच येतं असं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेतूनही येतं. दुसऱ्या वेळी काम कमी झालं नव्हतं, तेच काम गरम कॅशेवर झालं होतं. तेव्हापासून ट्यूनिंग करताना मी आधी पानं मोजतो, वेळ नंतर बघतो. वेळ यंत्रावर, गर्दीवर, कॅशेवर हलते. पानांची संख्या त्या मानाने स्थिर राहते, आणि दोन प्लॅनची तुलना तिच्यावरून निश्चिंतपणे करता येते.

विस्तारित आकडेवारीचाही प्रयत्न केला. दोन स्तंभांचं नातं प्लॅनरला कळावं म्हणून पोस्टग्रेसमध्ये क्रिएट स्टॅटिस्टिक्स आहे. आवृत्ती १० पासून ते आलं आणि जोड्यांच्या वारंवारतेची यादी आवृत्ती १२ पासून. संस्था आणि स्थिती या जोडीवर ती बनवली, मग आकडेवारी गोळा करणारं अ‍ॅनालाइझ चालवलं. अंदाज जवळपास जागचा हलला नाही. कारण गणितातच आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅनालाइझ ३०,००० ओळींचा नमुना घेतं, म्हणजे आमच्या टेबलात ८०० ओळींमागे एक. ज्या जोडीच्या ओळीच ११ आहेत ती त्या नमुन्यात येण्याची शक्यता दीड टक्क्याच्याही आत. आणि यादीत जाते ती वारंवार दिसणारी जोडी. नमुन्यात नसलेल्या गोष्टीचं दुर्मिळपण प्लॅनरला कोण सांगणार? नमुना वाढवून अंदाज थोडा सुधारला असता, पण त्या तीन जुन्या ढिगांच्या संस्थांना त्याचा काहीच उपयोग नव्हता; त्यांची ओळींची संख्या बरोबर कळूनही जागा चुकलीच असती.

म्हणून अंदाज सुधारण्याच्या मागे न लागता, अंदाज चुकला तरी बिघडणार नाही अशी वाट तयार करायची ठरवली.

इंडेक्स

बरोबरीच्या अटींचे स्तंभ आधी, क्रमाचा स्तंभ शेवटी: बी-ट्री, म्हणजे क्रमाने लावलेल्या, इंडेक्सचा हा साधा नियम. संस्था, स्थिती, नोंदवेळ या क्रमाने इंडेक्स असला की एका संस्थेच्या प्रलंबित ओळी इंडेक्समध्ये सलग आणि वेळेनुसार लागलेल्या असतात. सर्व्हर थेट तिथे उतरतो, मागून वाचू लागतो, २० मिळाल्या किंवा संस्था संपली की थांबतो. ११ असतील तर ११ वरच थांबतो.

तीन स्तंभांचा पूर्ण इंडेक्स मात्र साधारण १ जीबीचा झाला असता, आणि त्यातल्या ९७ टक्के नोंदी निकाली निघालेल्या विनंत्यांच्या, ज्या या पडद्याला कधी लागतच नाहीत. म्हणून आंशिक इंडेक्स घेतला: संस्था आणि नोंदवेळ, पण फक्त स्थिती 'प्रलंबित' असलेल्या ओळींवर. ७ लाख २० हजार नोंदी, आकार २२ एमबी.

आंशिक इंडेक्सची एक अट सहज निसटते. क्वेरीची अट इंडेक्सच्या अटीत बसते हे प्लॅनरला प्लॅन बनवतानाच पटावं लागतं. आमचा अ‍ॅप्लिकेशन स्थिती पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न लिहिता वेगळी, पाठवत होता. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा चालवायची क्वेरी) पाच वेळा चालल्यावर पोस्टग्रेस सर्वसाधारण, म्हणजे कोणत्याही किमतीला चालेल अशा, प्लॅनचाही विचार करू लागतो, आणि त्या प्लॅनमध्ये पॅरामीटरची किंमत माहीत नसल्याने आंशिक इंडेक्स वापरताच येत नाही. खर्चाच्या तुलनेत तो प्लॅन बहुधा हरलाच असता, पण 'बहुधा'वर मला ही यादी पुन्हा सोपवायची नव्हती. या एका पडद्यासाठी 'प्रलंबित' हा शब्द क्वेरीच्या मजकुरातच लिहिला, संस्था क्रमांक पॅरामीटर राहू दिला.

इंडेक्स चालू टेबलावर बनवायचा होता, म्हणून कन्करंटली. त्यात लेखन अडत नाही, पण टेबल दोनदा चाळलं जातं आणि आधीपासून चालू असलेल्या ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत ते थांबून राहतं. आमचं पहिल्या खेपेला एका लांबलचक अहवालाच्या ट्रान्झॅक्शनपाशी अडकलं आणि आम्ही रद्द केलं. रद्द केल्यावर अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहतो; तो वाचनाला वापरला जात नाही, पण लेखनाचा भार टाकतच राहतो. तो हाताने काढून रात्री पुन्हा बनवला.

त्याच संस्थेसाठी तीच क्वेरी: १४ पानं. इंडेक्सच्या तीन पातळ्यांची तीन आणि अकरा ओळींची अकरा. वेळ मिलिसेकंदाच्या आत. १६ लाख पानांवरून १४.

याची किंमत

इंडेक्स फुकट मिळत नाही, आणि इथे किंमत जराशी आडून आली. पोस्टग्रेस ओळ बदलतो तेव्हा जुनी तशीच ठेवून नवी आवृत्ती लिहितो. बदललेला स्तंभ कोणत्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सना हात न लावता काम भागतं. याला हॉट अपडेट म्हणतात. आंशिक इंडेक्सच्या अटीत आलेला स्तंभही यात इंडेक्समधलाच धरला जातो. आधी स्थिती कुठल्याच इंडेक्समध्ये नव्हती. आता ती अटीत आली, आणि स्थिती बदलणारं एकही अपडेट हॉट राहिलं नाही. २२ एमबीच्या एका चिमुकल्या इंडेक्समुळे दर स्थितीबदलाला टेबलावरच्या सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद.

पीजी_स्टॅट_युजर_टेबल्स या टेबलांच्या आकडेवारीत आधी दहातली चार अपडेट्स हॉट होती. पीजीबेंच या भार-चाचणीच्या साधनात फक्त स्थिती बदलणारी स्क्रिप्ट लिहून आठ कनेक्शनवर दहा-दहा मिनिटं, आधी आणि नंतर तीन-तीन वेळा चालवली. सेकंदाला सुमारे २,६०० अपडेट्स होत होती, ती २,३५० वर आली. प्रत्यक्षातली आमची गरज यापेक्षा पुष्कळ कमी आहे, म्हणून आम्ही हा तोटा जाणूनबुजून स्वीकारला. लेखनाचाच भार जड असलेल्या टेबलावर मी असाच निर्णय घेतला असता असं नाही.

दुसरी किंमत साफसफाईची. विनंती निकाली निघाली की आंशिक इंडेक्समधली तिची नोंद मृत होते, पण व्हॅक्यूम, म्हणजे मृत नोंदींची सफाई, होईपर्यंत जागा अडवून राहते. ऑटोव्हॅक्यूम नेहमीच्या सेटिंगमध्ये टेबलाच्या २० टक्के ओळी मृत झाल्यावर जागा होतो. आमच्याकडे म्हणजे ४८ लाख! ७ लाखांच्या इंडेक्ससाठी ही वाट बघणं परवडणारं नव्हतं. या एका टेबलापुरतं ते प्रमाण १ टक्का केलं, म्हणजे २ लाख ४० हजारांवर व्हॅक्यूम.

चाचणी पुन्हा बांधली

चाचणीचा डेटा नव्याने भरला. प्रत्यक्ष डेटाबेसातून मजकूर काहीच घेतला नाही, फक्त आकडे घेतले: कोणत्या संस्थेच्या किती ओळी, प्रत्येक स्थितीच्या किती, आणि त्या कोणत्या काळात पसरलेल्या. त्या साच्यात खोटा मजकूर ओतला. डेटा भरल्यावर जुनी क्वेरी जुन्या इंडेक्सवर मुद्दाम चालवली, आणि ती चाचणीतही तशीच अडली. या कामातला माझा सगळ्यात समाधानाचा क्षण तो होता, इंडेक्स बनला तो नव्हे.

मग चार संस्था कायमच्या परीक्षक म्हणून नेमल्या: ढीगवाली मोठी, सगळं निकाली काढलेली मोठी, फक्त जुन्या प्रलंबित असलेली, आणि आजच दाखल झालेली, जिच्याकडे एकही ओळ नाही. यादीची क्वेरी बदलणारा कोणताही कोड आला की या चौघींसाठी एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालतं, आणि पानांची बेरीज ५०० च्या वर गेली की चाचणी नापास. मर्यादा वेळेवर नाही, पानांवर. त्यामुळे चाचणीचं यंत्र कितीही हळू असलं तरी निकाल तोच येतो. फलकावर सरासरीच्या जागी कमाल वेळ घेतली, आणि शेजारी दोन सेकंद ओलांडणाऱ्या वेगवेगळ्या संस्थांची संख्या. ती सदतीसवरून शून्यावर गेली.

पुढच्याच महिन्यात एका सहकाऱ्याने त्याच यादीत 'तातडीच्या आधी' असा क्रम घातला. परीक्षक संस्थांपैकी बाकी तिघींना आकडे चांगले आले, ढीगवालीला मात्र २० हजारांच्या वर पानं लागली: तिच्या सगळ्या प्रलंबित ओळी उचलून नव्याने लावाव्या लागत होत्या. चाचणी अडली. त्याने आंशिक इंडेक्समध्ये संस्था आणि नोंदवेळ यांच्या मधे तातडीचा स्तंभ घेतला, आकडा २४ वर आला, आणि त्याच संध्याकाळी बदल पुढे गेला.